बिऱ्हाड पाडव्याला, शाळा जूनला

फुलंब्रीच्या शिवारात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला बदलतं. जुन्या मालकाशी हिशेब होतो, नव्या मालकाकडून उचल घेतली जाते आणि दोन-चार दिवसांत बिऱ्हाड एका शेतवस्तीवरून दुसऱ्या शेतवस्तीवर जातं. पुढे अद्रकीचे बेड पाडायचे असतात, ठिबकच्या नळ्या अंथरायच्या असतात, बेणं निवडायचं असतं. मालकाला माणूस लगेच हवा असतो. शाळेचं साल मात्र जूनच्या मध्यावर सुरू होतं. या दोन सालांच्या मधल्या फटीत मुलं पटावरून गळतात. नव्या गावच्या शाळेत त्यांचं नाव लावून घेण्याचं काम मी फुलंब्रीतल्या एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षं करते आहे. माझा विषय मराठी. पण ऊन तापायला लागलं की कार्यालयात लिपिकांच्या शेजारचं टेबल माझं असतं, आणि पहिल्या सत्राचा बराच काळ ते माझंच राहतं.

बाहेरगावाहून येणाऱ्या सगळ्यांनाच हे जड जातं असं नाही. तलाठी, पोलीस, बँकेतले, महावितरणचे कर्मचारी, यांच्या बदल्या उन्हाळ्यात होतात. परीक्षा झालेली असते, निकाल लागलेला असतो. वडील फाईल घेऊन येतात. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतीपत्रक, आधार, जातीचा दाखला, सगळं ओळीनं लावलेलं. पंधरा मिनिटांत नाव दाखल. त्यांची चौकशी वेगळी असते. सेमी आहे का, हिंदी पूर्ण घ्यायची की संस्कृतबरोबर संयुक्त, दहावीचा निकाल किती लागतो. हे प्रश्न रास्तच आहेत आणि त्यांची उत्तरं मी मनापासून देते. जिल्ह्याचं गाव इथून तासाभराच्याही आत, त्यामुळे यांच्यातले पुष्कळजण वर्ष-दोन वर्षांत मुलांना तिकडच्या शाळेत नेतात, तेही मला ठाऊक आहे.

दुसरी माणसं बिनफाईलची असतात. नवरा गेल्यावर किंवा त्यानं टाकल्यावर दोन लेकरं घेऊन माहेरी आलेली बाई. वाळूजच्या कंपनीतलं काम सुटल्यावर गावाकडे परतलेलं कुटुंब. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशी कुटुंबं खूप आली. वीटभट्टीवरचे, ऊसतोडीहून परतलेले आणि सालगडी. यांच्या प्रवासाचे महिने शाळेनं ठरवलेले नसतात. कोयत्याची जोडी, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको, दसरा-दिवाळीनंतर कारखान्याकडे निघते आणि पट्टा पडला, गाळप संपलं की परत येते, म्हणजे पहिलं सत्र संपता संपता जायचं आणि दुसरं संपता संपता यायचं. सालगडी पाडव्याला हलतो. प्रवेशाचे आमचे सगळे नियम, सगळ्या तारखा, सगळे रकाने अशा कुटुंबाला धरून केलेले आहेत जे मे महिन्यात घर बदलतं. वर्षानुवर्षं त्या टेबलाशी बसून माझी ही खात्री झाली आहे. बाकीच्या अडचणी यातूनच निघतात.

२०२५ सालचं घ्या. पाडवा ३० मार्चला होता. त्या वर्षी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षेचं एकच वेळापत्रक सगळ्या राज्याला दिलं. परीक्षा ८ ते २५ एप्रिल. शाळा एप्रिलभर नीट भरावी, हा त्यामागचा हेतू चांगला होता आणि मला तो पटलाही. पण ज्या घराचं साल ३० मार्चला संपलं त्या घरातल्या मुलानं ८ एप्रिलचा पेपर कुठे द्यायचा? नव्या गावात त्याचं नाव नाही. जुनं गाव चाळीस-पन्नास किलोमीटरवर, तिथे आता राहायला खोली नाही. २०२६ मध्ये तर पाडवा १९ मार्चलाच आला.

पूर्वी आठवीपर्यंत यानं फारसं अडत नसे. वर्षभराच्या मूल्यमापनावर मुलाला वर ढकललं जाई. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास होणं आलं. नापास झाला तर पुनर्परीक्षा, त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात. ही सुधारणा मुलांना खरोखर वाचता-लिहिता यावं म्हणून झाली आणि मराठी शिकवणारी बाई म्हणून मी तिच्या बाजूची आहे. तरीही पाडव्याला हललेलं आठवीतलं मूल या परीक्षेत बसतच नाही, आणि जूनमध्ये ते आमच्या दारात उभं राहतं तेव्हा कागदावर ते ना धड आठवी पास असतं ना नापास.

अशीच एक मुलगी मला आठवते. भोकरदनकडून आलेलं कुटुंब, वडोद बाजारच्या बाजूला एका शेतवस्तीवर साल धरलेलं. पाऊस नुकताच पडून गेला होता आणि आई चिखलाच्या चपला दाराबाहेर काढून आत आली. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. तिच्यात मुलीचं आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, लसीकरणाचं पिवळं पडलेलं कार्ड आणि सातवीचं प्रगतीपत्रक. दाखला नव्हता.

“मॅडम, नाव लागन का लेकराचं?”

“दाखला कुठंय, ताई?”

“सर देईनात. म्हन्ले, पोरगी परीक्षेला नव्हती, तर दाखल्यावर काय लिहू? पडव्याला आम्ही इकडं आलो ना. मालकानं गाडी धाडली होती, थांबता थोडंच येत होतं.”

मुलगी मागे उभी होती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि दप्तर उघडायला सांगितलं. दप्तर ती घेऊन आली होती हे मला फार महत्त्वाचं वाटलं. मराठीची वही काढली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तारीख मार्चची होती, पाडव्याच्या दोन-तीन दिवस आधीची. निबंधाचं शीर्षक लिहून खाली दोन रेघा मारलेल्या आणि पुढे चारच ओळी. त्यानंतरची पानं कोरी. मी नववीचं पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. एक उतारा वाचायला सांगितला. तिनं न अडखळता वाचला, आणि विचारल्यावर त्यातलं कोण काय म्हणालं तेही सांगितलं. गणितात समीकरण सोडवताना थांबली, पण कुठे थांबलो हे तिला कळत होतं. इंग्रजी कच्चं होतं. आधीची शाळा सेमीची नव्हती आणि आमच्याकडे विज्ञान-गणित इंग्रजीतून. ते शिकवणं आमचं काम, ते कारण प्रवेश अडवायला चालत नाही.

आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. हे आमच्या टेबलावर नेहमीचं आहे. नोंद नसली की आधार काढणाऱ्यानं वर्ष अंदाजानं घ्यायचं आणि तारीख १ जानेवारी टाकायची. सातवीच्या प्रगतीपत्रकावर तारीख वेगळीच. यातली कुठली आमच्या जनरल रजिस्टरला चढवायची, हा साधा प्रश्न नाही. एकदा रजिस्टरला चढलेली जन्मतारीख, नाव, जात बदलायची तर माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे शिक्षण विभागाची आधी परवानगी लागते, आणि शाळा सोडून गेल्यावर ते जवळजवळ अशक्य होतं. पुढे जात पडताळणीला याच रजिस्टरचा उतारा मागतात, तिच्या लेकरांच्या पडताळणीलाही मागतील. म्हणून मी आईला सांगते की तारखेची घाई नको, पहिलीच्या शाळेतला निर्गम उतारा मागवू, तोवर पेन्सिलीनं. मुलीनं मात्र आजच वर्गात बसायचं.

आणि ती त्याच दिवशी नववीत बसली. कायदा याच बाजूचा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे, दाखला ताबडतोब द्यायला मुख्याध्यापकाला बांधलं आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. कलम ४ वयानुसार वर्ग देतं. कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून नाव नाकारता येत नाही. पण हा सगळा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीपुरता. नववीच्या दारात तो थांबतो. तिथून पुढचा आधार राज्य शासनाच्या जून २०२१ च्या निर्णयाचा. करोनाच्या काळात फी थकली म्हणून खासगी शाळांनी दाखले अडवले, तेव्हा शासनानं सांगितलं की दाखला नसला तरी नववी-दहावीतही प्रवेश नाकारू नका, वयाप्रमाणे वर्ग द्या. त्या निर्णयाची प्रत मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. पालकांना वाचून दाखवते. कधी फोनवरच्या मुख्याध्यापकांनाही.

त्या मुलीच्या जुन्या शाळेला मी फोन केला. समोरचे सर वाईट नव्हते. त्यांची अडचण खरी होती. आठवीचा निकाल न लावता दाखल्यावर ‘उत्तीर्ण’ कसं लिहायचं? आणि दुसरी गोष्ट त्यांनी आवाज खाली करून सांगितली. पट आधीच कमी आहे, अजून एक नाव गेलं तर शिक्षकाचं पद जातं की काय अशी धास्ती आहे.

हे दुसरं कारण पालकांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेवर ठरतं, आणि संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, त्यातही ज्यांचं आधार जुळलेलं आहे तीच मुलं. खेड्यातल्या छोट्या शाळेत दोन-तीन मुलांनी एक पद इकडचं तिकडे होतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात दाखला मागायला गेलेल्या पालकाला ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘पुढच्या सोमवारी या’ हे ऐकावं लागतं, आणि ऑक्टोबरात तोच दाखला अर्ध्या तासात मिळतो. एका मजुराच्या मुलीचा वर्ग आणि एका शिक्षकाची नोकरी एकमेकांविरुद्ध उभी करणारी ही रचना आहे. त्या शिक्षकावर राग काढून ती बदलणार नाही. पट मोजताना स्थलांतरित मुलांची नोंद वेगळी धरा, त्यांच्या जाण्यानं वर्षाच्या मध्यात पद हलणार नाही अशी हमी द्या, म्हणजे दाखले आपोआप वेळेत मिळायला लागतील.

त्या मुलीच्या बाबतीत पुनर्परीक्षेच्या सोयीचा आधार घेऊन तिच्या जुन्या शाळेतल्या सरांनी मार्ग काढला. जूनमध्ये त्यांच्याकडे दोघा-तिघांची पुनर्परीक्षा होतीच, तिच्यात हिला बसवलं. शेतमालकांनी मोटारसायकलवर वडिलांबरोबर तिला पाठवलं, कामावरून सुट्टी देऊन. पास झाली. दाखला आला. मधल्या दिवसांत ती आमच्या वर्गात बसत होती, तिचे ते दिवस बुडाले नाहीत. आधी जागा आणि मागून कागद, हा क्रम ठेवला तर बहुतेक गाठी सुटतात. क्रम उलटा केला की मूल घरी बसतं. घरी बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला महिन्याभरात खुरपं हातात मिळतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाचं बोलणं निघतं. मराठवाड्यात राहणाऱ्या कुणालाही हे मी पटवून द्यायची गरज नाही.

कागदानंतर संगणक. राज्याच्या ‘सरल’ पोर्टलवर नव्या शाळेनं मुलाची मागणी टाकायची आणि जुन्या शाळेनं ती मंजूर करायची. दिल्लीच्या यू-डायस प्लसमध्ये वेगळी पद्धत. जुनी शाळा मुलाला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकते, मग नवी शाळा त्याच्या पेन, म्हणजे कायमस्वरूपी शिक्षण क्रमांकावरून त्याला उचलून घेते. जुन्या शाळेनं टाकलंच नाही तर मूल आमच्या बाकावर बसलेलं असतं, हजेरीत रोज ‘हजर’ म्हणतं, आणि पोर्टलवर मात्र पन्नास किलोमीटरवरच्या शाळेत शिकत असतं. तिथे त्याची शिष्यवृत्ती अडते, आधार जुळणी अडते, पुढे दहावीचा बोर्डाचा अर्ज भरताना माहिती जुळत नाही. आमचे लिपिक संध्याकाळी नेट बरं चालतं म्हणून शाळा सुटल्यावर थांबून हे काम करतात. त्यांनी केलेले फोन कुठल्याही अहवालात येत नाहीत, पण त्या फोनांवर कितीतरी मुलांची वर्षं वाचली आहेत.

आठवी आणि नववी यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे, तिकडे लक्ष द्यायला हवं. पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. गणवेश आठवीपर्यंत. गावातली जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीला संपते, कुठे सातवीला, कुठे आठवीला. म्हणजे बिऱ्हाड हललं नाही तरी नववीसाठी मुलाला गाव सोडावंच लागतं. बाबरा, पाल, आळंद, गणोरी अशा मोठ्या गावांत सोय होते, लहान वाड्या-वस्त्यांवरची मुलं फुलंब्रीला येतात. एकाच जूनमध्ये डबा घरून, पुस्तकं विकत, शाळा लांब आणि हक्काचा कायदा संपलेला. एवढं सगळं एकदम अंगावर येतं आणि आपण विचारतो की नववीत मुलं का गळतात. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, त्याचा फार मोठा उपयोग होतो. पण एसटी फाट्यावर येते, शेतवस्तीवर येत नाही. वस्ती ते फाटा ही वाट मुलीनं एकटीनं चालायची की नाही, यावर घरात निर्णय होतो. म्हणून प्रवेशाच्या वेळी मी पत्ता लिहून घेताना गट नंबरापाशी थांबत नाही. त्याच रस्त्यानं येणारी दुसरी कोण मुलगी आहे ते आमच्या पटावर शोधते आणि दोघींच्या आयांची गाठ घालून देते. फॉर्ममध्ये याला रकाना नाही. माझ्या अनुभवात हजेरी टिकवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

मराठवाड्यात एक चांगली गोष्ट आपल्या वाट्याला आली आहे, ती म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्रशाला. निजामाच्या राजवटीत बहुतेक माध्यमिक शाळा सरकारी होत्या. राज्यं बदलली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि त्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. महाराष्ट्राच्या इतर भागांत माध्यमिक शिक्षण बहुतांशी खासगी संस्थांनी उभं केलं. आपल्याकडे दहावीपर्यंतची सरकारी शाळा हा जुना वारसा आहे. मी खासगी अनुदानित शाळेत नोकरी करते, तरी सांगते, बाहेरून आलेल्या मजुराच्या मुलासाठी प्रशाला टिकणं अत्यंत गरजेचं आहे. तिथे देणगीचा प्रश्न येत नाही आणि नाव नाकारायला कुणाला तोंड नसतं. प्रशालांमधली रिकामी पदं भरा, म्हणजे स्थलांतरित मुलांसाठी वेगळ्या योजनेची निम्मी गरज उरणार नाही.

दहावीचं दुखणं मोठं आहे. दहावीच्या वर्षात बाहेरचं मूल घ्यायला शाळा कचरतात. ओळख नाही, अभ्यास किती झाला ठाऊक नाही, आणि शंभर टक्के निकालाची पाटी लावायची असते. त्याला सुचवतात, सतरा नंबरचा फॉर्म भर, म्हणजे शाळेत न बसता बाहेरून परीक्षा दे. सतरा नंबरचा फॉर्म ही फार मोलाची सोय आहे, ज्यांची शाळा कैक वर्षांपूर्वी सुटली त्यांच्यासाठी. पंधरा वर्षांच्या मुलाला, ज्याला रोज वर्गात बसायचं आहे, त्याला तो देणं म्हणजे त्याला बाहेर काढणंच आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी अशी मुलं घेतली. एखाद्यामुळे निकाल खाली आला तेव्हा संस्थेच्या बैठकीत त्यांनी उत्तरही दिलं. मी त्यांच्यासोबत तिथे होते आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

अलीकडे आम्ही जूनची वाट पाहत नाही. माघ संपता संपता वर्गशिक्षक मुलांना एकेकटं बोलावून विचारतात की यंदा घरचं साल बदलणार आहे का. सगळ्यांसमोर विचारलं तर मुलं सांगत नाहीत. ज्याचं बदलणार त्याच्यासाठी एक पाकीट तयार होतं. त्यात जनरल रजिस्टरचा उतारा, स्टुडंट आयडी, पेन क्रमांक, पहिल्या सत्राचे गुण, आधारची झेरॉक्स, जात आणि जन्मतारखेच्या पुराव्याची प्रत आणि मागच्या बाजूला शाळेचा व लिपिकांचा मोबाईल नंबर. ते आईच्या हातात देतो, वडिलांच्या नाही, कारण बिऱ्हाड हलताना कागद सांभाळणारी तीच असते. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी शासनाचं शिक्षण हमी कार्ड आहे. एका शाळेनं दिलेलं कार्ड दाखवलं की दुसऱ्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं. आमचं पाकीट त्याच वाटेनं जाणारं आहे.

परीक्षेचा प्रश्न मात्र आमच्या हातात नाही. पाडव्याला जाणाऱ्या मुलाची वार्षिक परीक्षा पाडव्याआधी घ्यायची मुभा मुख्याध्यापकाला हवी, निदान पाचवी, आठवी आणि नववीसाठी, वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर. तशी मुभा नसेल, तर ज्या गावात मूल एप्रिलमध्ये आहे त्या गावच्या शाळेत त्याला पेपर द्यायला बसू द्या आणि गुण जुन्या शाळेला कळवा. एका शाळेचा विद्यार्थी दुसऱ्या केंद्रावर बसतो हे बोर्डाच्या परीक्षेत दरवर्षी होतंच. शिक्षण हमी कार्ड पाडव्याला हलणाऱ्या सालगड्याच्या मुलांनाही मिळावं आणि ते दहावीपर्यंत चालावं. आमच्या शाळासमूहाच्या शिक्षण परिषदेत मी हे मांडलं आहे, पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला लेखी दिलं आहे. पुढच्या वर्षी, २०२७ मध्ये, पाडवा ७ एप्रिलला येतो. परीक्षेचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी त्या आधी पंचांग एकदा उघडून पाहावं, एवढी माझी त्यांना विनंती आहे.